स्टुलावरच्या माणसाशी बोलायला कोण शिकवणार?

नर्सिंग महाविद्यालयांतले शिक्षक, अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी आणि वॉर्डात विद्यार्थ्यांना हाताखाली घेणाऱ्या सर्व सिस्टर आणि ब्रदर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नर्स नाही, डॉक्टरही नाही. आईला आधी पक्षाघात झाला आणि पुढे स्मृतिभ्रंश. तिची शुश्रूषा करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातला पुष्कळ काळ वेगवेगळ्या वॉर्डांत, खाटेशेजारच्या स्टुलावर. ती गेल्यानंतर ओळखीतल्या एका नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आमच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी ‘नातेवाईक’ हवे असतात, याल का? तेव्हापासून मी अधूनमधून जाते. कधी रडणारी मुलगी होते, कधी भांडखोर सून, कधी सगळ्याला ‘हो हो’ म्हणणारी बायको. त्यामुळे नर्स नातेवाइकाशी कशी बोलते हे मी खऱ्या वॉर्डातही ऐकलंय आणि वर्गातही. दोन्हीकडे जे दिसलं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

एका ओळीत सांगायचं तर नातेवाइकाला काय सांगायचं हे तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता, त्याला काय विचारायचं हे शिकवत नाही. सहसंवेदना म्हणून जे काही आहे, ते मला तरी बहुतेक वेळा विचारण्यातच सापडलं.

तुमच्या परीक्षेपासूनच सुरुवात करते, कारण पोरं शेवटी परीक्षेत जे विचारतात तेच शिकतात. ऑस्की म्हणजे घंटेगणिक एकेका ठरवून दिलेल्या प्रसंगाला सामोरं जायची प्रात्यक्षिक परीक्षा. ही पद्धत रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडली. परीक्षकाची मर्जी गुणांमध्ये उतरू नये, सगळ्यांना सारखा प्रसंग, सारखा वेळ आणि सारखी गुणपत्रिका मिळावी, हा तिचा हेतू. त्याआधी १९६३ साली हॉवर्ड बॅरोज यांनी धडधाकट माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकवण्याचा पायंडा पाडला होता. मी जे करते त्याचं मूळ तिथे आहे. दोन्ही कल्पना चांगल्या, पण नातेवाइकाशी बोलण्याच्या बाबतीत त्यांचं काय होतं ते बघा.

घंटा होते. मुलगी आत येते, आपलं नाव सांगते, खुर्ची ओढून बसते. मी ठरल्याप्रमाणे म्हणते, “आईला घरी न्या म्हणताय, पण मला नाही जमायचं ते.” मुलगी क्षणभर थांबते, मान जराशी तिरकी करते आणि म्हणते, “मी तुमच्या भावना समजू शकते.” कोपऱ्यातल्या परीक्षक बाई कागदावर बरोबरची खूण करतात. पुढच्या श्वासाला मुलगी नळीतून अन्न कसं द्यायचं ते सांगायला लागते.

माझ्या कोणत्या भावना तिला समजल्या? मी अजून काही बोललेच नव्हते. मला जमणार नाही ते नळी बघून हात थरथरतात म्हणून, की रोज नोकरीवर जायचं असतं म्हणून, की घरातल्या दुसऱ्या कुणी बोटही लावणार नाही हे ठाऊक आहे म्हणून? की आईचं आणि माझं जन्मात कधी पटलं नाही आणि आता तिचं अंग पुसायचं या विचारानेच पोटात गोळा येतो म्हणून? या चार बायकांशी चार तऱ्हांनी बोलावं लागेल. ‘समजू शकते’ हे वाक्य मात्र चौघींना सारखंच बसतं, म्हणूनच ते पाठ करायला सोपं आणि गुण द्यायलाही सोपं.

एकदा एका मुलीने ते वाक्य म्हटलंच नाही. तिने विचारलं, “त्यातलं काय जमणार नाही असं वाटतंय?” आणि गप्प बसली. नुसती गप्प नाही, माझ्याकडे बघत गप्प. मला दिलेल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी मनाने काहीतरी सांगितलं, आणि सांगता सांगता ते खरंच माझं निघालं. वेळ संपली तेव्हा तिची नळीची माहिती अर्धीच सांगून झाली होती. ‘भावना समजल्याचे शब्दांत व्यक्त केले’ या रकान्यात तिला शून्य पडलं, माहितीतही गुण गेले. मी तिथल्या बाईंशी त्यावर बोलले. त्या म्हणाल्या, पटतंय हो, पण रकाना नाही ना तसा. मग रकाना बदला, एवढंच माझं म्हणणं.

टेरेसा वाइझमन या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९९६ साली सहसंवेदनेची चार अंगं सांगितली. समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून पाहणं, त्याला बरंवाईट न ठरवणं, त्याला काय वाटतंय ते ओळखणं आणि आपल्याला ते कळलंय हे त्याला कळवणं. तुमच्या गुणपत्रिकेत यातलं फक्त शेवटचं अंग दिसतं. पहिली तीन झाली की नाही हे कुणी तपासत नाही. काही कळलेलंच नसताना कळल्याचं कळवलं जातं आणि त्याला पैकीच्या पैकी मिळतात.

दुसरं पेटंट वाक्य म्हणजे “काळजी करू नका.” वाईट हेतूने कुणीच म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘आता पुढे बोलू नका’ असाच लागतो. त्याचीच भावंडं म्हणजे “सगळं नीट होईल,” “निदान वेळेवर आणलंत,” “धीर धरा, तुम्हीच खचलात तर त्यांचं कसं होणार.” फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं, त्यात आजाऱ्याला पोकळ दिलासे आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते चांगलं झणझणीत आहे. त्यांचा रोख आजाऱ्याभोवती जमणाऱ्या माणसांवर होता. आज तोच प्रकार आजाऱ्याच्या माणसांवर, पांढऱ्या कपड्यांतून होतो. तुमच्या पेशात ज्यांचं नाव घेऊन शपथ दिली जाते, त्यांचं एवढं तरी ऐका.

आता विचारायचं काय, ते सांगते. नर्सला हवी असलेली बरीचशी माहिती त्या स्टुलावरच बसलेली असते. आईला बोलता येईनासं झालं तेव्हा दुखलं की ती उजव्या हाताच्या बोटांनी पांघरुणाची कड चुरगाळायची. चेहऱ्यावर काही नाही, कण्हणं नाही. नुसती बोटं. पाठीवर जखम व्हायला लागली होती ते आधी त्या बोटांनी सांगितलं, कातडीवर नंतर दिसलं. ही गोष्ट केस पेपरवर कुठेच नव्हती, कारण ती मला कुणी विचारली नव्हती. मी आपणहून सांगितली तेव्हा एका सिस्टरने फाइलमधून मान वर न काढता “हं” म्हटलं. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरने ती लिहून घेतली आणि जाताना पुढच्या पाळीला सांगितली. दोघींचं शिक्षण सारखंच झालं असणार. एकीला कुठेतरी कुणीतरी दाखवून दिलं असणार की हे लिहून घ्यायचं असतं.

वय झालेल्या रुग्णांना वॉर्डात अचानक भ्रम होतो, म्हणजे डेलिरियम. तो हमखास नजरेतून निसटतो, विशेषतः रुग्ण आरडाओरडा न करता नुसता गुंगून पडला असेल तर. त्यासाठी एकच प्रश्न विचारून चाळणी लावण्याची पद्धत आहे. प्रश्न रुग्णाला नसतो, घरच्या माणसाला असतो. हल्ली हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेले वाटतात का? बस, एवढाच. ‘नेहमीपेक्षा’ हा मोजमापाचा भाग वॉर्डातल्या कुणापाशीच नसतो, तो फक्त घरच्या माणसापाशी असतो. म्हणून मला ‘नातेवाइकांशी सौजन्याने वागा’ ही पाटी पुरेशी वाटत नाही. सौजन्य हवंच. पण आमच्याशी बोलणं हा रुग्णाच्या तपासणीचा भाग आहे, हे विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिल्या वर्षीच बसायला हवं.

आम्हाला काय हवं असतं, याचाही अभ्यास जुना आहे. नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या ४० नातेवाइकांना ४५ गरजांची यादी दाखवून विचारलं की यातलं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय. वरच्या जागी आली ती आशा वाटण्याची गरज. इथे पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. आशा म्हणजे बरं होण्याचं आश्वासन, अशी त्यांची समजूत होते आणि मग ती पोरं एकतर खोटा दिलासा देतात किंवा काढता पाय घेतात. माझ्यापुरतं सांगते, आई बरी होणार नाही हे मला केव्हाच कळलं होतं. माझी आशा लहान होती. तिला रात्री दुखू नये. ती एकटी असताना जाऊ नये. एवढं कुणी विचारलं असतं तर त्याचं उत्तर देणं नर्सच्या हातात होतं. “आता तुम्हाला कशाची आस आहे?” हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि ते वर्गात बसून सरावाने येतं, असा माझा अनुभव आहे.

एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणारे नातेवाईक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. विद्यार्थी वैतागतात. “सकाळीच सांगितलं ना तुम्हाला!” आठ रात्री नीट न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात सांगितलेलं टिकत नाही, याला बुद्धीशी काही देणंघेणं नाही. पण दुसरंही एक कारण असतं, आणि ते मला माझ्यावरून माहीत आहे. विचारलेला प्रश्न हा मनातला प्रश्न नसतोच. “ताप किती आहे?” असं तिसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलाला आकडा नको असतो. त्याला विचारायचं असतं, बाबा जाणार आहेत का? ते तोंडातून निघत नाही म्हणून तो तापाचं विचारतो. अशा वेळी विद्यार्थ्याने आकडा सांगावा, आणि मग म्हणावं, “तुम्ही मघाशीही विचारलंत. मनात काही वेगळं आहे का?” कधी तो “नाही नाही, सहजच” म्हणेल, तर सोडून द्यावं. कधी तिथेच बांध फुटेल.

बांध फुटला तर वेळ जातो, ही तुमची अडचण मला माहीत आहे. एका सिस्टरमागे किती खाटा असतात हे मी मोजत बसायचे. तरीही फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास तुमच्यासमोर ठेवते, २००७ साली प्रसिद्ध झालेला. मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांशी होणारी बैठक तिथे ठरावीक पद्धतीने घेतली. त्यांचं म्हणणं मानायचं, भावनांची दखल घ्यायची, ऐकायचं, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, प्रश्न काढून घ्यायचे. सोबत एक माहितीपत्रक. बैठकीचा वेळ साधारण २० मिनिटांवरून ३० मिनिटांवर गेला. पण मला त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. नातेवाईक स्वतः बोलले तो वेळ ५ मिनिटांवरून १४ मिनिटांवर गेला. वाढलेला वेळ जवळजवळ सगळा त्यांच्या बोलण्याला मिळाला. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मानसिक आघाताची, चिंतेची आणि नैराश्याची लक्षणं कमी होती. दहा मिनिटं. वॉर्डात दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ, कबूल. पण नको ते पाच वेळा सांगण्यात आणि नंतरची भांडणं निस्तरण्यात किती जातात, तेही कुणीतरी मोजावं.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्या दिवशी होतं. गाडी खाली उभी असते, बिलाची धावपळ असते, भाऊ फोनवर असतो. अशात एक विद्यार्थिनी येते आणि नाकातल्या नळीतून अन्न कसं द्यायचं ते भराभर सांगते. डोकं वर करा, नळी जागेवर आहे ना ते बघा, सिरिंज जोराने दाबायची नाही, आधी आणि नंतर पाणी सोडा, संपल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. सगळं बरोबर सांगते. शेवटी विचारते, “समजलं ना?” या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. “हो.” ‘नाही’ म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर आपला मठ्ठपणा कबूल करणं, शिवाय त्या दमलेल्या पोरीला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावणं.

उलट जिने मला “आता तुम्ही करून दाखवा, मी नीट सांगितलं की नाही ते मला कळेल” असं म्हटलं, तिच्यापुढे माझी चूक लगेच दिसली. मी सिरिंज फार उंच धरत होते. तिने माझ्या मनगटाखाली हात घालून ते खाली आणलं आणि “एवढंच” म्हणाली. तुमच्या पुस्तकांत या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात आणि ती सगळे शिकवतात, मला माहीत आहे. मी आग्रह धरते आहे तो त्या वाक्याच्या घडणीसाठी. ‘मी नीट सांगितलं की नाही’ यात परीक्षा नर्सची होते, नातेवाइकाची नाही. लाज वाचते. विद्यार्थ्यांना ही ओळ तोंडपाठ करायला लावलीत तरी माझी हरकत नाही. पाठ केलेली सगळीच वाक्यं वाईट असतात असं मी म्हणत नाही, ज्याने समोरच्याचं तोंड उघडतं ते खुशाल पाठ करा.

आणि नळीच्या पलीकडचं कोण विचारणार? रात्री उठायला कोण आहे? तुम्हाला स्वतःला काही दुखणं आहे का? उचलताना मदतीला दुसरं माणूस आहे का? यातली एकही गोष्ट कुणी न विचारता ‘घरी मुलगी आहे’ एवढ्यावर रुग्ण घरी पाठवला जातो. मुलगी आहे, बायको आहे, म्हणजे ती करेलच, आणि प्रेमानेच करेल, असं तुमची विशीतली पोरंही गृहीत धरतात. “किती प्रेमाने करता हो आईचं!” हे मला वॉर्डात फार जणींनी ऐकवलं. मी प्रेमानेच करत होते, तरी त्या वाक्यानंतर दमल्याचं बोलायची सोय उरत नसे. ज्यांचं आयुष्यभर पटलं नाही अशा सासऱ्याचं करणारी सून, मारकुट्या नवऱ्याचं करणारी बायको, कुणाला अंघोळ घालायची सवय नसलेला नवरा, शाळेतून येऊन आजीला औषध देणारं पोर, हेही सगळे त्याच स्टुलावर बसलेले असतात. सरावाच्या प्रसंगांत ते मला कधी भेटत नाहीत. तुमच्या प्रसंगांतली मुलगी नेहमी प्रेमळ असते आणि फक्त थोडी घाबरलेली असते. एखादा प्रसंग असा लिहा ज्यात ती म्हणते, “मला हे करायचंच नाहीये.” बघा विद्यार्थी काय बोलतात ते.

शुश्रूषेचा भार मोजायची साधनं आहेत. स्टीव्हन झारिट यांची प्रश्नावली १९८० पासून वापरात आहे, तिचं प्रचलित रूप २२ प्रश्नांचं. आणि हा भार नुसता मनाचा नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या शुल्झ आणि बीच यांच्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या आणि तिचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, तशी शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. म्हणजे स्टुलावरचं माणूस हा तुमचा उद्याचा रुग्ण असू शकतो. बावीस प्रश्न विचारा असं मी म्हणणार नाही. “तुम्ही कशा आहात?” एवढं पुरे, फक्त ते हातात ट्रे घेऊन, पुढच्या खाटेकडे चालता चालता विचारू नका. तसं विचारलं की आम्ही “बरी आहे” म्हणतो आणि तुम्ही पुढे जाता, दोघांचीही सोय होते.

चिडणाऱ्या नातेवाइकांबद्दल फार लिहीत नाही. शिवीगाळ आणि हात उचलणं कुणीही सहन करू नये, तिथे सहसंवेदनेचा पाठ देत बसू नका, सिक्युरिटीला बोलवा. पण आवाज चढवणारा प्रत्येक जण त्या जातीचा नसतो. “कुणी बघतच नाही इथे!” म्हणणाऱ्याला “आम्ही दोन तासांपूर्वीच बीपी घेतलंय” हे उत्तर खरं असलं तरी तिथे लागू पडत नाही. आपण खोलीत नसताना काय झालं याची त्याला धास्ती असते. “तुम्ही नव्हता तेव्हा काय काय झालं ते सांगू का?” एवढं विचारलं तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात, हे मी पाहिलंय.

आणखी एक सबब विद्यार्थ्यांना फार लवकर सापडते, गोपनीयतेची. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय सांगायची नाही हा नियम योग्यच आहे, रुग्ण शुद्धीवर असेल तर तो पाळलाच पाहिजे, मग समोर मुलगा असो की बायको. पण त्या नियमाने तोंडाला कुलूप लागतं, कानाला नाही. “मला त्यांच्या रिपोर्टबद्दल सांगता येणार नाही, पण तुम्हाला काय दिसतंय ते मला सांगा” हे कुठल्याही नियमात बसतं. हे वाक्य मी अजून एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता विद्यार्थ्यांच्या बाजूने. ही पोरं मुळात कोरडी असतात असं मला वाटत नाही. पहिल्या वर्षाच्या मुली माझं खोटं रडणं बघून खरं रडतात. नंतर काहीतरी होतं. २०१२ साली नर्सिंगच्या पदवी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांशी ज्यांचा संबंध जास्त आला त्यांच्यातच सहसंवेदनेचे गुण वर्षभरात घसरले. वॉर्डात जाऊन वाढायला हवं ते वॉर्डात जाऊनच आटतं, याचं आश्चर्य वाटायला नको. एकोणीस-वीस वर्षांचं पोर पहिला मृत्यू पाहतं, आईचा आक्रोश ऐकतं, आणि पाचव्या मिनिटाला त्याला चादरी बदलायला पाठवतात. त्याच्याशी कुणी बोलत नाही. मग ते स्वतःला वाचवायला जे शिकतं तेच पुढे आम्हाला कोरडेपणा म्हणून दिसतं. ज्याचं दुःख कुणी ऐकून घेतलं नाही त्याने दुसऱ्याचं ऐकावं ही अपेक्षा मी तरी कुठल्या तोंडाने करू? ड्युटीनंतर पंधरा मिनिटं, गोल करून, आज काय जड गेलं एवढं विचारायला एक शिक्षक लागतो. तो द्या.

आणि वरिष्ठांना एक स्पष्टच सांगते. वर्गात सहा तास शिकवलेलं संवादकौशल्य वॉर्डातल्या एका “बाहेर थांबा हो, किती वेळा सांगायचं!” ने पुसलं जातं. विद्यार्थिनी शेजारी उभी असते, ती बघते, आणि तिला कळतं की वर्गातलं वर्गात, इथलं इथे. सलाईन लावायला तुम्ही आधी स्वतः लावून दाखवता, मग तिचा हात धरून लावून घेता, मग लांबून बघता. नातेवाइकाशी बोलताना असं का करत नाही? कठीण बोलणं असेल तेव्हा तिला सोबत न्या. गप्प उभं राहायला सांगा. बाहेर आल्यावर विचारा, तुला काय दिसलं, त्यांनी काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं? पुढच्या वेळी ती बोलेल, तुम्ही गप्प राहा. यासाठी वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळी खोली काही लागत नाही.

माझ्या मागण्या तुम्ही आतापर्यंत ओळखल्या असतील, तरी दोन राहिल्या. एक म्हणजे, प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी संध्याकाळपासून सकाळपर्यंत एका नातेवाइकाशेजारी, दुसऱ्या स्टुलावर बसवा. युनिफॉर्म नाही, नोंदी नाहीत, कामं नाहीत. अर्थात रुग्णाची आणि त्या नातेवाइकाची परवानगी घेऊनच. रात्री दोनला दिवे लागतात तेव्हा काय होतं, सिस्टरला हाक मारायची की नाही यावर माणूस किती वेळ घालवतं, शौचालयाला जायचं तर रुग्णाला कुणाच्या भरवशावर सोडायचं, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. सकाळी त्याच्याकडून निबंध लिहून घेऊ नका, घरी झोपायला सोडा.

दुसरी मागणी आमच्याबद्दल. शुश्रूषा केलेल्या माणसांना तुम्ही बोलावता ते सत्र संपताना, शेवटच्या तासाला, ‘अनुभवकथन’ म्हणून. आम्ही बोलतो, दोन मुली डोळे पुसतात, आभारप्रदर्शन होतं. त्याऐवजी आम्हाला पहिल्या वर्षी, पहिल्या वॉर्ड ड्युटीच्या आधी बोलवा. सरावाचे प्रसंग लिहिताना टेबलावर बसवा, आणि गुणपत्रिकेत एक रकाना आमच्या हातात द्या: ‘या व्यक्तीशी मला पुन्हा बोलावंसं वाटेल का?’ परीक्षकाची खूण आणि आमची खूण कुठे जुळत नाही ते बघा, आणि तिथे दोघांनाही कारण विचारा. यायचं मानधनही द्या. माझ्यावर आता घरी कुणाची जबाबदारी नाही, मी रिकामी आहे. पण ज्यांचं सांगणं सगळ्यात ताजं आहे, त्यांना त्या दोन तासांसाठी घरी दुसरं माणूस पैसे देऊन बसवावं लागतं.

कळावे,
आपली,
एक नातेवाईक